दम्यातला काना

लातूर जिल्हा नवा होता आणि नव्या जिल्ह्याला सगळंच मोजायचं होतं. विहिरी मोजून झाल्या, त्यातल्या कोरड्या किती ते मोजून झालं. जनावरं मोजली, छावणीत किती, बाजारात गेली किती. दोन वर्षं पाऊस नव्हता, त्यामुळे मोजायला हाती लागेल ते कमीच होत चाललं होतं. फाल्गुनात शाळेतल्या पोरांची पाळी आली. सायक्लोस्टाइल केलेला एक कागद आला. त्यावर आजारांची नावं होती. दृष्टिदोष, रातांधळेपणा, खरूज, दमा. नावापुढं मोकळी जागा, तिथं संख्या भरायची. खाली लिहिलं होतं की ज्या शाळेत आजारी मुलं आढळतील तिथं डॉक्टरांचं पथक येऊन तपासणी करील आणि औषध देईल.

आमचं गाव जळकोटच्या पुढं, मुखेडच्या अलीकडं. कागद उदगीरवरून लातूरला जायचे आणि आजारी माणसं मुखेडला, म्हणजे नांदेड जिल्ह्यात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

"दम्यापुढं शून्य घाला, पंचशीलाबाई," हेडमास्तर ग्यानोबा गुरुजी म्हणाले. "दमा म्हाताऱ्यायला होतो. पोरायला काय, खोड्या होत्यात."

माझ्याकडं चौथीचा वर्ग होता. तरी विचारावं म्हणून मी वर्गात विचारलं, "दमा कुणाला आहे?"

पोरं हसली. "माझ्या आज्याला हाय, बाई. तरी बिडी सोडत न्हाई." "पाटलाच्या म्हातारीला हाय की!" एकानं पाठीत वाकून, छातीवर हात धरून म्हातारीची नक्कल करून दाखवली. वर्गातल्या कुणालाच दमा नव्हता.

दुपारी शुद्धलेखन घातलं. पाट्यांवर पेन्सिली चालू होत्या, बाकी सगळं शांत. तेव्हा खिडकीकडच्या रांगेतून एक आवाज ऐकू आला. बंद दाराच्या फटीतून वारा यावा तसा बारीक, लांबट. श्वास आत जाताना नाही, बाहेर पडताना.

तो आवाज मी लहानपणभर ऐकला होता. माझे वडील किनवटला एका वसतिगृहाचे अधीक्षक होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दादांना दमा होता, पण तो शब्द त्यांनी कधी तोंडातून काढला नाही. सरकारी नोकरी, त्यात आपल्या समाजातून शिकून पुढं आलेला पहिला माणूस. नोकरीत कुणाला खोट काढायला जागा द्यायची नाही, असं त्यांचं होतं. कुणी विचारलं की म्हणायचे, चढ चढून आलोय. किनवटला डोंगर आहेत, त्यामुळे ते खपून जाई. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ते गेले. शेवटी मी त्यांच्या तोंडाशी औषधाचा पंप दाबत होते आणि त्यातून काही येत नव्हतं. सुट्टी संपल्यावर मी शाळेत रुजू झाले. गावात कुणी फारसं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आवाज सिंधूचा होता. गिरणीवाल्या किशनरावांची धाकटी. पाटीवर वाकून ती लिहीत होती आणि श्वासाबरोबर तिचे खांदे कानापर्यंत जात होते.

दुसऱ्या दिवशी मी वेगळं विचारलं.

"रात्री झोपेत छाती कुणाची वाजते?"

हात वर आले. पोरांना यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही, उलट चढाओढच लागली.

"माझी मांजरावानी वाजती, बाई!"

"माझी तर यष्टी चढाला लागल्यावानी!"

"पळताना मधेच कोण खाली बसतं? पहाटे खोकून कोण उठतं?" तेच हात परत वर. एका पोरानं सदरा वर करून दाखवला. बरगड्यांखाली बिब्ब्याचे काळे डाग होते, जुने आणि नवे. "दम लागला की माय बिबा लावती." मग आणखी सदरे वर झाले. कुणाला जास्त डाग आहेत ते पोरं एकमेकांना दाखवू लागली. मुली तशाच बसून राहिल्या, पण सिंधूनं मान वर केली आणि गळ्याखालच्या खळगीवर बोट ठेवलं. तिथं डाग होता.

चाळीस पोरांत सात. मी दम्यापुढं सात लिहिलं.

ग्यानोबा गुरुजींनी कागद लांब धरून वाचला. "आसपासच्या समद्या शाळांनी शून्य लिव्हलंय. आपल्याकडंच साथ आली का?"

"दमा साथीनं येत नाही, गुरुजी."

"मंग तर लईच वाईट. साथ आसती तर गेली तरी आसती." त्यांनी सही केली. वर म्हणाले, "मागं नावं लिव्हा. पथक आलं तर हुडकीत बसायला नको."

नावं लिहिली आणि संध्याकाळपर्यंत ती गावात पोचली. लहान गावात कागद पुढच्या ऑफिसात जायला आठवडा लागतो, त्यावरचं नाव मात्र दिवेलागणीला घरोघर गेलेलं असतं.

शाळेच्या मागच्या खोलीत मी राहत होते. सकाळी किशनराव आणि त्यांची बायको साखराबाई आले. साखराबाई उंबऱ्याबाहेरच बसली. किशनराव उभे राहिले. मी पाणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिघांनाही अवघड झालं असतं.

"बाई, आमच्या सिंधूचं नाव कशात घातलंय म्हणं?" साखराबाईनं विचारलं.

"औषधाच्या यादीत."

"औषधाच्या न्हाई," किशनराव म्हणाले. "दम्याच्या."

"तिला त्रास होतो ना?"

"व्हतो की. म्या कुठं न्हाई म्हणून राहिलो? दम लागतो लेकराला. पर दम लागणं येगळं आन् दमा येगळा."

"एकच आहे, किशनराव."

"एक कसं? म्या बी चौथी शिकलोय. तुमी दम लिव्हा. निस्ता काना काढा, बाई. एका रेघेचं काम हाय."

"काना काढला तर डॉक्टर तिला बघणार नाहीत."

"आन् ठिवला तर थोरलीला कुणी बघणार न्हाई."

थोरली म्हणजे शिवकांता. सातवी झालेली, घरकामात चोख, कमी बोलणारी. मुखेडकडचं स्थळ आलं होतं, मुलगा विजेच्या खात्यात लाइनमन. दुष्काळात शेती असलेल्या घरीही चूल पेटत नव्हती आणि हे महिन्याच्या महिन्याला पगार येणारं घर. गुरुवारी साखरपुडा होता.

"तुमाला आमच्यातलं ठावं न्हाई," साखराबाई मला म्हणाली. तिचा आवाज भांडणाचा नव्हता. "एकदा दमेकऱ्याचं घर म्हणलं की मंग त्या घरात कुणी पाय ठिवत न्हाई. माझ्या आतेबहिणीला एकच डाव पाव्हण्यापुढं ठसका लागला. पाव्हणे च्या न पिता उठले. ती आजून बापाच्याच घरी हाय. केस पिकले."

"मी नाव काढलं तर सिंधूला औषध कुठून मिळेल?"

"साखरपुडा तर व्हऊ द्या. मंग तिला पाह्यजे तिथं न्या. लातूरला न्या, म्हमईला न्या."

"आणि तोवर? तिला गिरणीत तरी बसवू नका. पीठ आणि डिझेलचा धूर, दोन्ही तिच्या छातीला वाईट."

"मंग कोण बसंल? शिवकांता दाखवायची पोरगी. तिला पिठानं पांढरी करू का?"

मी नाव काढणार नाही असं सांगितलं. शुक्रवारी कागद उदगीरला जाईल, तेही सांगितलं. गुरुवारच्या आधी जाणार नाही एवढं मात्र कबूल केलं. किशनराव जायला वळले.

"तुमी लई शिकलाव, बाई," ते म्हणाले. "लई शिकलेल्या माणसाला काना सुटत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून सिंधू शाळेत आली नाही.

रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्यांना मजुरीत कूपनं मिळत होती आणि कूपनावर गहू. त्या गव्हात अर्धी माती असे. शेतातलं धान्य संपलेलं असताना गिरणी त्या गव्हावर दिवसभर चालायची. येता-जाता मला सिंधू दिसे. पट्ट्याच्या बाजूला पोत्यावर बसलेली, पापण्यांवर पीठ. गिरणीच्या टुकटुकाटात तिची छाती ऐकू येत नसे. खांदे दिसत.

एकदा किशनराव नाहीत असं पाहून मी दाराशी थांबले. "शाळेत कधी येतेस?"

"अक्काचा साखरपुडा झाला की." दोन शब्द, मग श्वास. "बाई, त्या दिशी... मी खोकायचं न्हाई."

"खोकला आला तर?"

"गिळायचा," ती म्हणाली, आणि हसली. तिला ते जमेल असं तिला वाटत होतं.

मी काय करायला हवं होतं याचा त्या चार दिवसांत मी पुष्कळ विचार केला. गुरुजींना म्हणाले, मुखेडला तिला मी घेऊन जाते. ते म्हणाले, "बापाच्या परवानगीबिगर परक्याची लेक बसमधी घालता? तुमी? बाई, जरा इच्यार करा." 'तुम्ही' वर त्यांनी जोर दिला नव्हता. द्यायची गरज नव्हती.

गुरुवारी साखरपुड्याला शाळेतल्या सगळ्यांना बोलावणं होतं. अंगणात मांडव होता. मी आणि गुरुजी कडेच्या खुर्च्यांवर बसलो. घराच्या मागून पुरणाचा वास येत होता आणि तुराट्यांचा धूर मांडवात उतरत होता. पाहुणे जीपमधून आले होते. जीप मुलाच्या मामांची. मन्मथअप्पा नाव, सोसायटीचे चेअरमन, अंगानं भरलेले, तोंडानं गोड. ते आल्यापासून मांडव त्यांचाच झाला होता.

सुपारी ताटात ठेवली आणि घराशेजारची गिरणी सुरू झाली.

बोललेलं ऐकू येईना. मन्मथअप्पा हसून ओरडले, "इवाई लई कामाचे हायेत! सोयरिक जुळवताना बी दळण चालू!"

सगळे हसले. किशनराव त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसले. "कूपनाचा गहू आलाय, अप्पा. लोकं दम काढत न्हाईत." गिरणीकडून ते नुकतेच आले होते. हातांना डिझेल लागलं होतं.

शिवकांता चहाचं ताट घेऊन आली. जरीकाठाचं नवं लुगडं, खाली घातलेली नजर. पाहुण्यांना देत देत ती कडेला आली आणि माझ्यापुढं वाकली. कप उचलायला मी हात पुढं केला.

"बाई," ती ओठ न हलवता म्हणाली, "गिरणीत दळायला कुणीच आलेलं न्हाई."

आणि ती पुढच्या माणसाकडं गेली.

मी उठले. मागच्या बाजूनं गेले. त्या घराच्या ओट्याच्या पुढं मी कधी गेले नव्हते. गिरणीचं दार आतून लावलेलं होतं. मी दोन्ही हातांनी वाजवत राहिले तेव्हा साखराबाईनं कडी काढली.

आत धूर कोंडला होता. जात्यात काही नव्हतं, पट्टा नुसता फिरत होता. सिंधू पोत्यावर पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसली होती. तोंड उघडं. गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत जात होती, डागासकट. ओठांचा रंग जांभळाच्या बियांसारखा झाला होता. दिव्यावर साखराबाईनं बिबा धरला होता.

"बगा, बाई," ती माझ्या कानाशी ओरडली, "आता वाजायचं थांबलंय. उतार पडला."

मी सिंधूच्या पाठीला कान लावला. खरंच काही वाजत नव्हतं. ते थांबणं मला माहीत होतं. हवाच आत-बाहेर होत नसली की छाती वाजत नाही. दादांची छाती थांबली तेव्हा मलाही वाटलं होतं की त्यांना झोप लागतेय.

"गिरणी बंद करा," मी म्हणाले.

"बंद केली तर पाव्हण्यायला ऐकू जाईल."

"ऐकू जाण्यासारखं आता काही उरलं नाही, साखराबाई."

मला वाटतं, तिला ते तेव्हाच समजलं. बिबा तिच्या हातातून पडला. तेवढ्यात किशनराव आत आले आणि पोरीकडं बघून दाराला टेकले.

"हिला आत्ता मुखेडला न्यायला पाहिजे," मी सांगितलं. "बस तीनशिवाय नाही. तोवर ही राहणार नाही. जीप मागा."

"काय सांगून मागू?"

त्यांनी तोंडावरून हात फिरवला, गालांवर डिझेल लागलं. सिंधूचे डोळे अर्धे मिटले होते. किशनराव एकदम वळले, गिरणी बंद केली आणि बाहेर ओरडत धावले.

"साप! सिंधूला साप चावला वो! गिरणीत साप निघाला!"

त्यांना चटकन दुसरं काय सुचणार होतं? साप कुणालाही चावतो. सापानं कुणाची सोयरीक मोडत नाही.

माणसं धावत आली. मन्मथअप्पा सगळ्यांच्या पुढं. "कुठं चावला?" साखराबाईनं पायाकडं बोट केलं. घोट्याजवळ बाभळीच्या काट्याचा ओरखडा होता. तो सगळ्यांना सापाच्या दाताचा दिसला. अप्पांनी गळ्यातलं उपरणं काढून पिंढरीवर करकचून बांधलं, पोरीला स्वतः उचललं आणि जीपकडं पळाले. त्यांच्याइतकं चपळ त्या अंगणात दुसरं कुणी नव्हतं.

"इवाई, तुमी पाव्हण्यापाशी थांबा. कर्ता माणूस घरी पाह्यजे. आमी हाव की!"

जीपमध्ये पुढं अप्पा आणि ड्रायव्हर सिद्धेश्वर, मागं साखराबाई, मी आणि सिंधू. पोरीला अप्पांनी आडवं निजवलं. जीप सुटली तशी मी तिला उठवून छातीशी बसती धरली.

"बाई, आडवी ठिवा," अप्पा मागं वळून म्हणाले. "सापाचं आडवंच नेत्यात. इख वर चढतं."

"आडवं केलं की तिला श्वास येत नाही."

"इखानं तसंच व्हतंय. घाबरू नगा. म्या चार माणसं उतरवून आणलीत ह्या हातानं." आणि साखराबाईला, "रडू नगं माय. तुझी लेक ती आता आमची बी लेक."

रस्ता खडीचा, अर्धा झालेला. दोन्ही बाजूंना माणसं बसून खडी फोडत होती आणि जीप गेली की धुळीत दिसेनाशी होत होती. सिंधूचं डोकं माझ्या गळ्याशी होतं. एक श्वास आला की मी पुढच्याची वाट बघत असे. मनात मी प्रार्थना वगैरे काही म्हणत नव्हते. दादा गेल्यापासून मनात काही म्हणायची माझी सवय गेली होती.

ओढ्याच्या पलीकडं फाटा आला. डावीकडं मुखेड.

"उजवीकडं घे, सिद्धेश्वर," अप्पा म्हणाले.

"अप्पा, मुखेड डावीकडं आहे," मी म्हणाले.

"मुखेडला सुई देत्यात. लागू पडली तर पडली. हितं म्हाराजांचं ठाणं हाय, इख उतरवायचं. आजपस्तोर एक माणूस गेलेलं न्हाई."

जीप वळली.

"साप नाही, अप्पा," मी म्हणाले. "तिला साप चावलेला नाही. दमा आहे."

अप्पांनी मागं बघितलं. रागानं नाही, कीव आल्यासारखं. "बाई, तुमी पोरायला शिकवता. दम्यानं कुठं लेकरं मरत्यात का? दमा म्हाताऱ्यायचा."

"थांबवा गाडी. ही माझ्या वर्गात आहे. मला माहीत आहे."

"तुमाला म्हाईत हाय आन् तिच्या बापाला म्हाईत न्हाई?"

तरी त्यांनी सिद्धेश्वरच्या खांद्यावर हात ठेवला आणि जीप थांबली. इंजिन चालूच होतं. अप्पा पूर्ण मागं वळले.

"इहीनबाई, लेकरू तुमचं हाय. तुमी म्हणाल तिकडं घेतो. साप बगितला का न्हाई?"

साखराबाईनं माझ्याकडं बघितलं नाही. अप्पांच्या तोंडाकडं बघत होती. त्या तोंडात शिवकांताचं घर होतं, नळाचं पाणी होतं, महिन्याचा पगार होता. सिंधूचा एक श्वास आला. पुढचा आला नाही. मी तिची पाठ चोळली, तिला हलवलं, हाक मारली. मग आला.

साखराबाई खाली वाकली आणि पोरीच्या पिंढरीवरची गाठ दातांनी सोडवायला लागली. गाठ ओली करून, ओढून सोडवली. उपरणं अप्पांच्या हातात दिलं.

"साप न्हाई," ती म्हणाली. "दमा हाय. तिसऱ्या वर्सापासून हाय. मुखेडला घ्या."

अप्पा उपरण्याकडं बघत राहिले. मग सिद्धेश्वरला म्हणाले, "मागं फिरव. जोरात घे."

वाटेत बाजाराची गर्दी लागली तेव्हा खाली उतरून, ओरडून, बैलगाड्या बाजूला करून अप्पांनीच वाट काढून दिली, आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवरून पोरीला आत त्यांनीच नेलं. हे मला नीट लिहायला हवं. ते वाईट माणूस नव्हते.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी काही विचारायच्या आधी शिरेत सुई घातली, हळूहळू औषध सोडलं, नाकाला नळी लावली. आम्ही तिघं भिंतीला लागून उभे. काही वेळ काहीच झालं नाही. डॉक्टरांनी दुसरी सुई भरली. मग ती शिट्टी ऐकू आली, बारीक, लांबट. साखराबाई घाबरली. मी तिचा हात धरला आणि सांगितलं, वाजू दे, आता वाजलेलं चांगलं. तिनं हात सोडवून घेतला नाही.

सिंधूचे ओठ हळूहळू पिवळट झाले, मग ओठांसारखे दिसायला लागले.

"आज इथंच ठेवू," डॉक्टर म्हणाले. "वेळेवर आणलीत असं म्हणवत नाही, पण आणलीत. आधी कधी एवढं झालं होतं?"

"एवढं न्हाई."

"घरात आणखी कुणाला आहे? तुम्हाला, तुमच्या माहेरी, दुसऱ्या मुलाबाळांना?"

मन्मथअप्पा दाराशी होते. निघायला म्हणून वळलेले, ते थांबले.

"न्हाई," साखराबाई म्हणाली. "कुणाला बी न्हाई."

बाहेरची वर्दळ तेवढ्यात थांबल्यासारखी झाली होती. त्या शांततेत आवाज येत होता. आधी मला वाटलं सिंधूचाच. पण तो खाटेकडून येत नव्हता. माझ्या शेजारून येत होता. धुरात बसलेली, पोरीमागं पायऱ्यांवर धावलेली साखराबाई तोंड मिटून, नाकानं, जमेल तितका हळू श्वास सोडत होती आणि प्रत्येक श्वासाच्या शेवटी तिची छाती वाजत होती. तिनं पदर तोंडावर धरला. मग पदरातून वाजायला लागली.

अप्पा ऐकत होते. डॉक्टरही. तिथं आवाज झाकायला काहीच नव्हतं.

"बरं," अप्पा शेवटी म्हणाले. त्यांनी सिंधूच्या पायांवर हात ठेवला, अगदी हळू. "लेकराला जपा. औषधपाण्याला कमी करू नगा. बाकीचं आमी कळवतो."

कळवतो म्हणजे काय, ते आम्हा दोघींना समजलं. साखराबाईनं पुढं होऊन त्यांच्या पायाला हात लावला. ते मागं सरकले आणि गेले.

घरी अजून मांडव होता. किशनराव पाहुण्यांना वाढत असतील, सापाची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असतील. शिवकांता त्याच लुगड्यात असेल. तिनं मला उठवलं नसतं तर साखरपुडा झाला असता. हे तिला कोण सांगणार होतं, मला माहीत नव्हतं. आधीच माहीत असेल, असं वाटलं.

डॉक्टरांनी साखराबाईपुढं स्टूल ओढलं. "बसा, बाई. तुमचीही छाती बघू द्या."

बाहेर जीप सुरू झाली. साखराबाई तो आवाज लांब जाईपर्यंत तशीच उभी राहिली. मग स्टुलावर बसली, तोंडावरचा पदर खाली घेतला.

"बगा," ती म्हणाली. "आता कुणापासून झाकायचं ऱ्हायलंय."